बिब्ब्याचे डाग

माझ्या पोरीच्या डाव्या हातावर, काखेपासून कोपरापर्यंत, अकरा डाग आहेत. तपकिरी, कडेला काळसर, मसुराएवढे. कोणी विचारलं की मी सांगते, लहानपणी पुरळ आलं होतं त्याचे. पुरळ आलं होतं हे खरं, पण त्याचा एकसुद्धा डाग राहिला नाही. हे डाग मी केलेले आहेत.

मी अंगणवाडी सेविका. माहेर मुरबाडकडचं, सासर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे. नवरा कल्याणला कंपनीत, सकाळी आसनगावची लोकल गाठायची म्हणून उजाडायच्या आत बाहेर पडतो, त्यामुळे घरात दिवसभर मी, सासू आणि पोर. गावात मला ताई म्हणतात आणि जरा टरकूनही असतात. माझं तोंडच तसं आहे. पोराला जुलाब लागले आणि आईने अंगारा लावून बसवलं, असं कानावर आलं की मी तिच्या दारात उभी राहून अशी खरडपट्टी काढायचे की शेजारपाजारच्या बायका भांडी घासायच्या थांबायच्या. "डोकं वापरा जरा, दवाखाना काय काशीला आहे?" हे माझं ठरलेलं वाक्य. दहा-बारा वर्षं गावाला तेच ऐकवत आले.

पहिला दाणा दिसला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि पोर दोन वर्षांची पुरी व्हायची होती. आंघोळ घालताना काखेखाली हाताला लागला. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा, पांढुरका, चकचकीत, आणि मधोमध सुई टोचल्यासारखा खळगा. ताप नाही, खाज नाही, पोर आपली मजेत बादलीत हात आपटतेय. मला वाटलं घाम साचला असेल, म्हणून साबण लावून टॉवेलने चांगलं खसाखसा पुसलं. रोज पुसलं. आठ दिवसांत एकाचे पाच झाले, आणि त्याच टॉवेलने मी ते खाली दंडावर नेले, हे मला फार नंतर कळलं.

सासूने बघितलं आणि हात जोडले. "देवी हाय गो ही," म्हणाली.

दुसऱ्या कुठल्या घरात हे ऐकलं असतं तर मी त्या बाईला तिथंच सरळ केलं असतं. स्वतःच्या घरात गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही ती देवीच हवी होती. देवी आठ-दहा दिवसांत जाते, नैवेद्य दाखवला की संपलं. सासूने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली. नऊ दिवस आम्ही पाण्यातल्या भाज्या आणि अळणी वरण खाल्लं. नवरा बाहेरून खाऊन यायचा आणि घरी भूक नाही म्हणायचा, त्याच्या शर्टाला वड्याचा वास यायचा. दहाव्या दिवशी दहीभात दाखवून देवीला निरोप दिला, पोरीला लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. तेव्हा मी मोजले, चौदा भरले.

सासू वाकून बघत राहिली, पण बोट लावलं नाही. "देवी नाय ही," ती हळूच म्हणाली. "देवी येती आन जाती. ही काय जात नाय."

मग शहापूरला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. मी आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं की मी अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे उगाच अडाणी समजून बोलायला नको. त्याने भिंग लावून बघितलं आणि एक लांबलचक नाव सांगितलं. विषाणूचं आहे म्हणाला, लहान मुलांना होतंच, एकाचं दुसऱ्याला लागतं, पण जिवाला काही नाही.

"औषध?"

"खास काही नाही. खाजवू देऊ नका. टॉवेल वेगळा ठेवा. झाकेल असे कपडे घाला. आपोआप जाईल."

"किती दिवसांत?"

"दिवस नाही हो ताई. महिने लागतात. कधी कधी वर्षही. मधे वाढतीलसुद्धा, घाबरायचं नाही."

एवढं शिकून हा माणूस आपोआप जाईल म्हणतो, मग आमच्या सासूबाई काय वाईट होत्या? त्यांनी निदान मुदत तरी दिली होती. मी बाहेर येऊन नवऱ्याला फोनवर तेच म्हटलं. तो म्हणाला, "टाइम लागेल म्हणतायत ना, मग लागू दे." त्याला काय जातं म्हणायला, तो रात्री पोर झोपल्यावर घरात शिरणार.

माझी खरी धास्ती दाण्यांची नव्हतीच. दाणे दुखत नव्हते, खुपत नव्हते. धास्ती होती ती अंगणवाडीच्या सतरंजीची. पोर माझ्याबरोबर रोज तिथे यायची, चालायला शिकली ती तिथेच, बोलायला शिकली तिथेच. आणि नियम माझाच होता. कुणाच्या अंगावर काही उठलं की त्या पोराने घरी बसायचं. दोन वर्षांपूर्वी खालच्या आळीतल्या एका बाईची थोरली मुलगी खरूज घेऊन आली होती. तिला मी खिचडीच्या ताटावरून उठवलं होतं आणि आईच्या हाती देऊन सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आधी पोरीला धुवा, मग शाळेत धाडा." पुढे ती मुलगी बरी झाली, पण त्या वर्षी परत आली नाही.

आता डॉक्टरकडे जाऊन आठवडा झाला नाही तोच एका मुलाची आजी अंगणवाडीच्या दारात उभी. बोलली अगदी गोड. "ताई, तुमच्या पोरीच्या हाताला काय झालंय? आमचा नातू बाजूलाच बसतो म्हणून इचारलं." मागे आणखी दोघी उभ्या होत्या, त्या नुसत्या बघत होत्या. मी डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं, जिवाला काही नाही, कपड्याने झाकलं की पुरे. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "व्हय, पण तुमीच सांगता ना, अंगाव काय असलं का नाय आणायचं."

मी कात्री आणली. मग चटईचा एक तुकडा कापून खिडकीखाली टाकला आणि पोरीला त्यावर बसवलं. ताटली वेगळी, पाण्याचा पेला वेगळा. पहिले दोन दिवस तिला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी ती चटई ओढत ओढत मुलांच्यात येऊन बसली. मी चटईसकट तिला परत ओढत खिडकीखाली नेलं. असं दिवसातून चार-पाच वेळा व्हायचं. दर वेळी मी बोट नाचवून सांगायचे, हात नाही लावायचा कुणाला. मग ती आपली आपणच म्हणायला लागली, "हात नाई," आणि दोन्ही हात फ्रॉकच्या खाली लपवायची. बायका हसायच्या, म्हणायच्या, किती शहाणी आहे बघा. मला घरी जाऊन रडू यायचं.

एके दिवशी एक मुलगा सतरंजीवरून उठला आणि तिच्या चटईवर जाऊन बसला. त्याच बाईचा धाकटा, जिच्या थोरलीला मी उठवलं होतं. माझ्या पोरीहून सहा महिन्यांनी मोठा असेल. मी त्याला उचलून जागेवर ठेवलं, तो परत गेला. शेवटी त्याची आई न्यायला आली तेव्हा तिलाच सांगितलं, "याला समजाव, तिच्याजवळ बसतो. लागेल त्याला."

ती बाई मजुरीवरून आलेली, पायाला माती तशीच. पोरीकडे बघून म्हणाली, "बसूं दे ताई. पोर हाय ते, एकटं कसं बसंल? माझी थोरली बसलीय ना तशी. दारात बसून तुमच्या अंगणवाडीकडं बघायची."

रागाने बोलली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. ती साधंच बोलली. त्या दिवसापासून तो रोज खिडकीखाली बसला आणि मी त्याला उठवलं नाही. गावात माझ्या पोरीला हात लावणारं घराबाहेरचं तेवढंच एक माणूस होतं.

चैत्र संपता संपता माझ्या भावाची हळद निघाली. किन्हवलीवरून एसटीने मुरबाड गाठलं. एवढ्या उन्हाचं मी पोरीला पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घातला, मनगटाशी रबरही लावलं. मांडवात हळदीचा धवला गाणाऱ्या बायकांचा सूर लागला होता, भाऊ पाटावर बसलेला, पुढे ताटात तेलात कालवलेली हळद. पाच सवाष्णींनी लावायची आणि त्यातलीच उरलेली उष्टी हळद मग नवरीकडे जायची, ही आमच्याकडची रीत. मी जरा पाणी प्यायला उठले तेवढ्यात पोर सुटली. थेट ताटात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि मामाच्या गुडघ्याला फासले. सगळा मांडव हसला. तिला कित्येक महिन्यांत इतकी माणसं एकदम हसलेली दिसली नव्हती, म्हणून तिने परत हात बुडवले. तेव्हा बाही वर सरकली आणि दाणे दिसले. हसणं एकेक करत थांबलं. जवळच्या दोघींनी आपली पोरं मांडीवर घेतली.

माझी आई उठली. "हळद घट्ट झालीय जराशी, दुसरी कालवून आणते," असं म्हणून ताट उचलून मागे गेली. मी तिच्या मागोमाग गेले तर ती केळीच्या बुंध्याशी ताट उपडं करत होती.

"आई, हळदीतून काय होणारे?"

"मला काय ठावं गो?" ती वर न बघता म्हणाली. "ही हळद नवरीच्या अंगाला लागायची हाय. उद्या त्या पोरीला एक फोड आला तरी जन्मभर आपलं नाव घेतील. तू शिकलेली हायस, तूच सांग, मी चुकले का?"

तिच्या जागी मी असते तरी ओतलीच असती. मांडवात परत आले तर भाऊ ओल्या फडक्याने गुडघा पुसत होता, मला बघून थांबला. आणि पोर पिवळे हात पुढे धरून मधोमध उभी होती, कोणाला लावू असं बघत. मी तिला उचलली आणि तिच्या हातांची हळद माझ्या तोंडाला पुसून घेतली. बायका नव्याने धवला म्हणायला लागल्या.

तिथून परत आले ती डोक्यात राख घालूनच. माझ्या पोरीला माझ्या आईच्या मांडवात कोणी जवळ घेऊ नये? डॉक्टर म्हणतो वर्ष, मी म्हणत होते आता एक दिवस नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सासू भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतावर गेलेली होती. तिच्या औषधाच्या डब्यात बिब्बे असतात हे मला माहीत होतं. माझ्या बापाच्या हातावरची चामखीळ बिब्ब्याने गळून पडलेली मी डोळ्यांनी बघितली होती. हे दाणेही चामखिळीचेच भाऊबंद, असा माझा हिशोब. आणि हो, लहान मुलाला बिब्बा लावायचा नाही, कातडी जळते, हे गावातल्या निदान वीस बायांना मी स्वतः सांगितलं होतं. ते सगळं आठवत असताना मी दिवा लावला.

सुई बिब्ब्यात खुपसली, दिव्यावर धरली. तेल सुटलं, काळं, चिकट. पोरीला मांडीत घेतलं, हातात गुळाचा खडा दिला. "हात दे गं," म्हटलं. बांगड्या भरायला देतात तसा तिने हात दिला, स्वतःहून. बाहीसुद्धा तिनेच वर ओढली. पोटावर आणि मांडीवरही दाणे होते, पण ते झाकले जातात. हातावरचेच लोकांना दिसतात, म्हणून हातावरचे. एकेका दाण्यावर सुईच्या टोकाने ठिपका, मोजून अकरा. ती हूं की चूं नाही, गूळ चघळत ठिपक्यांकडे बघत होती. मधे एकदा हसली. मला वाटलं, बघा, उगाच लोक घाबरवतात.

संध्याकाळी हात लाल झाला. सकाळपर्यंत बिब्बा उतला होता. दंडापासून कोपरापर्यंत पाण्याने भरलेले फोड, तिने तोच हात डोळ्याला लावला असणार, एक डोळा सुजून मिटला होता. सासूने खोबरं आणि तीळ वाटून लावले. वाटताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती एकच म्हणत होती, "इचारायचं तरी गो. डब्यात हात घालायच्या आधी इचारायचं तरी." रडून रडून पोरीचा आवाज बसला होता, तरी ती तोंड उघडून रडतच होती, नुसती हवा यायची.

डॉक्टरने हात बघितला आणि खुर्चीत मागे टेकला. "हे कोणी केलं?"

मी म्हटलं, "सासूने."

सासू माझ्या शेजारीच बसली होती. पोर तिच्या मांडीवर होती. मी हे बोलले ते तिच्या कानापासून वीतभर अंतरावर. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर तिला पाच मिनिटं बोलला, तुम्हा लोकांना किती सांगायचं, सून शिकलेली असून ऐकत नाही, पोरीचा डोळा गेला असता म्हणजे. तिने सगळं खाली मान घालून ऐकलं, पदराने पोरीचं नाक पुसत. शेवटी म्हणाली, "चुकलं बाबा." परत येताना रिक्षात मला एवढंच बोलली, "तिच्या हातावं ऊन येतंय, पदर धर." त्यावर आजपर्यंत आमच्यात एक शब्द झालेला नाही. नवऱ्यालाही सासूनेच लावला असंच माहीत आहे. मला बोलायचं असतं, पण ती भाकऱ्या थापत असते, मी निवडणं निवडत असते, आणि ते राहून जातं.

हात बरा व्हायला पावसाळा उजाडला. आणि गंमत बघा, पोटावरचे, मांडीवरचे, ज्यांना मी हात लावला नव्हता ते दाणे श्रावणात लाल व्हायला लागले, सुकले, आणि नवरात्रापर्यंत एकामागून एक गेले. कुठे होते ते दाखवता येणार नाही, कातडी इतकी साफ. डॉक्टर म्हणाला होता, अगदी तस्सं. मी काही केलं नसतं तर पोरीचा डावा हातही उजव्यासारखाच असता.

मी चटईचा तुकडा चुलीत घातला आणि तिला सतरंजीवर बसवलं. ती बसली, पण हात फ्रॉकखाली घेऊन. गोल करून गाणं म्हणायची वेळ आली की मुलं हात धरतात, ही मागे सरकते. "हात नाई." मी म्हटलं, आता चालतं गं, धर. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला फसवतेय.

दिवाळीच्या सुटीआधी तो खालच्या आळीतला मुलगा आईच्या कडेवर आला. तिने त्याचा सदरा वर केला. बरगडीवर साबुदाण्याएवढे सात-आठ दाणे.

"तुमच्या पोरीचं गेलं ना ताई? काय लावलं होतं?"

"काही नाही. आपोआप गेलं. तू पण काही लावू नको, थांब."

ती माझ्या पोरीच्या हाताकडे बघत होती. "मग हे?"

इथे मला संधी होती. दोनच वाक्यं बोलायची होती. पण मागे मदतनीस उभी होती, दोन आया उभ्या होत्या, ज्यांना मी बिब्ब्यावरून झापलेलं होतं. मी म्हटलं, "पुरळाचे डाग आहेत ते."

"बिब्ब्याचा डाग वळखत नाय व्हय आमी?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात काहीतरी कडू आलं. पोराचा सदरा खाली केला आणि गेली.

पुढचे दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी पोरीला घेऊन खालच्या आळीत गेले. दारातच वास आला, बिब्ब्याचा, तो एकदा नाकात बसला की जात नाही. आतून पोराचा आवाज येत होता, बसलेला, नुसत्या हवेचा. ती बाई पाट्यावर खोबरं वाटत होती.

"लावला," ती म्हणाली. "तुमी सांगितलं नाय तरी. सोताच्या पोरीला बरं केलंत आन आमाला थांबा म्हनता."

"त्याने बरं नाही झालं गं. तिचापण असाच उतला होता. डॉक्टरला सासूचं नाव सांगितलं, पण मी लावला होता. माझ्या हाताने."

तिचा हात पाट्यावर थांबला. "आता सांगता व्हय," म्हणाली, आणि परत वाटायला लागली.

मी आणखी काही बोलणार तोच माझी साडी ओढली गेली. पोर उंबऱ्याशी उभी होती. तिने नाक वर करून एकदा वास घेतला, मग डोळे घट्ट मिटले, डाव्या हाताची बाही आपली आपण खांद्यापर्यंत ओढली आणि हात माझ्यापुढे धरला.

"लाव," ती म्हणाली.